नळदुर्गानं पाहिलेली राज्यं

 

आज आपण आपल्या शेजारच्या गावाची गोष्ट ऐकू. जळकोटहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की आठेक किलोमीटरवर नळदुर्ग येतं. हे जळकोट आपलं, तुळजापूर तालुक्यातलं. लातूर जिल्ह्यातलं जळकोट निराळं. आपण नळदुर्गला बाजाराला जातो, बँकेत जातो, पौषात खंडोबाला जातो. पावसाळ्यात पोरं ‘नर-मादी’ बघायला चल म्हणून हट्ट धरतात. किल्ला डोळ्यासमोर असतो, पण तो कोणी बांधला, कोणाकडून कोणाकडे गेला आणि त्यात आपल्यासारख्यांचं काय झालं, हे कोणी सांगत नाही. शाळेच्या पुस्तकात नळदुर्गाला एखादी ओळ मिळाली तर मिळते.

आधी नावाची गोष्ट. जुनी माणसं सांगतात की हा नळराजाचा किल्ला. नळ-दमयंतीची कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. राज्य गेलं, अंगावरचं वस्त्र गेलं, रानात नवऱ्यानं सोडलं, तरी दमयंती खचली नाही. तिनंच युक्ती करून नवऱ्याला शोधून काढलं. आता ही कथा इथंच घडली याला पुरावा नाही. पण गावाला नाव देताना लोकांना ती आठवली, एवढं खरं.

इतिहासाला माहीत आहे तिथून सुरुवात करू. हजार वर्षांपूर्वी या भागावर कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, उमरग्याच्या पुढं, कर्नाटकात. नळदुर्गाचा किल्ला त्यांच्या हाताखालच्या एका स्थानिक राजाकडं होता असं सांगतात. नंतर देवगिरीचे यादव आले, मग दिल्लीच्या सुलतानांच्या फौजा आल्या. १३४७ साली बहमनी राज्य उभं राहिलं. त्याची राजधानी आधी गुलबर्गा, मग बीदर. दोन्ही आपल्याला जवळची. बहमनी राज्य फुटलं तेव्हा त्याचे पाच तुकडे झाले. विजापूरचा तुकडा आदिलशाहीचा, अहमदनगरचा निजामशाहीचा, गोवळकोंड्याचा कुतुबशाहीचा. नळदुर्ग आदिलशाहीकडं गेला.

जागा बघा कशी आहे. एका बाजूला सोलापूर, विजापूर. दुसऱ्या बाजूला गुलबर्गा, बीदर आणि पुढं गोवळकोंडा. वर अहमदनगरचा मुलूख. तिन्ही राज्यांच्या वाटा जिथं जवळ येतात तिथं हा काळ्या दगडाचा किल्ला. म्हणून प्रत्येकाला तो हवा होता. किल्ल्याला शंभराहून जास्त बुरूज आहेत. त्यातला उपळी बुरूज सगळ्यांत उंच, त्यावर चढलं की चहूकडचा मुलूख दिसतो. समोर नदीपलीकडं रणमंडळ. मधून बोरी नदी.

ही बोरी आपल्या गोष्टीत फार महत्त्वाची आहे. किल्ल्याला वेढा पडला की शत्रू आधी पाणी आणि धान्य तोडतो. भिंत कितीही जाड असली तरी आत रांजण रिकामे झाले की दरवाजा उघडावाच लागतो. हे आपल्याला समजावून सांगायला नको, घरात पाणी नसलं की काय होतं हे बाईइतकं कोणाला ठाऊक! म्हणून आदिलशाहीत बोरी नदीवर आडवी दगडी भिंत घातली आणि पाणी किल्ल्याशी अडवलं. त्या भिंतीच्या पोटातच एक महाल काढला. तोच पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातला, १६१३ सालचा. नदीला पूर आला की पाणी भिंतीवरून दोन धारांनी खाली कोसळतं. एक धार नर, दुसरी मादी. पाणी डोक्यावरून, समोरून पडत असतं आणि आतल्या खोल्या कोरड्या राहतात. चारशे वर्षं झाली. किती पूर येऊन गेले, भिंत उभी आहे.

पण एवढा दगड डोंगरातून कोणी काढला? चुना कोणी मळला? माती, वाळू, पाणी कोणाच्या डोक्यावरून आलं? शिलालेखात सुलतानाचं नाव येतं. मजुरांची नावं कुठंच नाहीत, पुरुषांची नाहीत आणि बायांचीही नाहीत. हा नावांचा मुद्दा ध्यानात ठेवा, आपण परत त्याच्याकडं येणार आहोत.

या किल्ल्याशी एका बाईचं नाव मात्र जोडलेलं आहे. चांदबिबी. ती अहमदनगरच्या निजामशाहीतली लेक आणि विजापूरच्या आदिलशाहीतली सून. पहिला अली आदिलशाह तिचा नवरा. १५८० साली त्याचा खून झाला. मूलबाळ नव्हतं. गादीवर पुतण्या इब्राहिम बसला, तो जेमतेम नऊ वर्षांचा. पुढं पाणीमहाल ज्याच्या नावानं झाला तोच हा पोरगा. राज्य बघायची जबाबदारी चांदबिबीवर आली. नवरा गेलेला, पोर लहान आणि दरबारातला प्रत्येक सरदार सत्तेवर टपलेला. एका सरदारानं तर तिला धरून साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकलं. दुसऱ्या सरदारांनी त्याला उलथवलं तेव्हा ती सुटली.

याच धामधुमीत अहमदनगर आणि गोवळकोंडा यांच्या फौजा एक झाल्या आणि नळदुर्गाला येऊन भिडल्या. अहमदनगरच्या गादीवर तेव्हा चांदबिबीचा भाऊ होता. म्हणजे माहेरच्या फौजेनं सासरच्या किल्ल्याला वेढा घातलेला. आपल्याकडं माहेर आणि सासर यांच्यात शेताच्या बांधावरून वाद झाला तरी बाईची कशी ओढाताण होते! हिच्यासमोर तर तोफा होत्या. १५८१ सालच्या त्या वेढ्यात नळदुर्ग पडला नाही. मग त्याच फौजा विजापूरवर गेल्या, तिथंही त्यांना यश आलं नाही.

पुढं चांदबिबी माहेरी गेली आणि तिथंही तिच्यावर तीच वेळ आली. १५९५ साली मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला तेव्हा किल्ला तिनं लढवला. तटाला भगदाड पडलं तेव्हा ती स्वतः तिथं उभी राहिली आणि रातोरात भिंत भरून काढून घेतली. १६०० साली पुन्हा वेढा पडला. आता लढून निभाव लागत नाही, बोलणी करावीत, असं तिचं मत झालं. तेवढ्यावरून ती फितूर झाली अशी आवई उठली आणि तिच्याच माणसांनी तिला ठार मारलं. दोन राज्यं सांभाळणाऱ्या बाईवर शेवटी घरच्यांनीच संशय घेतला. सरपंच झालेल्या, गटाच्या अध्यक्ष झालेल्या आपल्यातल्या कितीजणींना ही गोष्ट परकी वाटेल?

१६८६ साली औरंगजेबानं विजापूर घेतलं आणि नळदुर्ग मोगलांकडं गेला. औरंगजेबानंतर मोगलांचा जोर ओसरला. १७२४ साली त्यांच्याच दख्खनच्या सुभेदारानं, निजामानं, आपलं वेगळं राज्य उभं केलं. ही हैदराबादची निजामी राजवट. तेव्हापासून १९४८ पर्यंत, मधली सात वर्षं सोडली तर, आपला भाग निजामाकडंच राहिला. म्हणजे सव्वादोनशे वर्षं. आपल्या आजेसासूच्या आजेसासूचंही आयुष्य याच राज्यात गेलं.

मधल्या सात वर्षांचं काय झालं? हैदराबादेत इंग्रजांनी एक फौज ठेवली होती, तिचा खर्च निजामाच्या माथी. तो थकला. कर्ज वाढलं. १८५३ साली तह झाला आणि कर्जापोटी निजामानं वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. आपण सावकाराकडं शेत गहाण टाकतो तसा निजामानं आपला जिल्हाच गहाण टाकला म्हणा. रयतेला विचारलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

इंग्रजांनी इथला कारभार बघायला मेडोज टेलर नावाचा अधिकारी पाठवला. तो नळदुर्गलाच किल्ल्यात राहिला. त्यानं जमिनीच्या मोजणीचं काम हाती घेतलं, रस्ते आणि तलावांकडं लक्ष दिलं. १८५७ साली बंडाचा वणवा पेटला तेव्हा त्याला इथून वऱ्हाडात धाडलं. हा टेलर लेखकही होता. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर त्यानं ‘तारा’ नावाची कादंबरी लिहिली, ती १८६३ साली आली. त्यानंतर चांदबिबीवरही एक कादंबरी लिहिली. गंमत बघा, आपल्या तुळजापूरच्या आणि आपल्या किल्ल्याच्या गोष्टी विलायतेत इंग्रजीत वाचल्या जात होत्या, तेव्हा इथल्या बायांना अक्षरओळख करून द्यायला शाळा नव्हती.

१८६० साली इंग्रजांनी हा मुलूख निजामाला परत दिला. त्या काळात जिल्ह्याचं नावही नळदुर्ग जिल्हा असंच होतं आणि मुख्य कचेरी नळदुर्गला होती. १९०४ साली ती धाराशिवला गेली. पुढं सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून धाराशिवचं उस्मानाबाद झालं. २०२३ साली ते पुन्हा धाराशिव झालं. नळदुर्गचा मान मात्र कचेरीबरोबर गेला तो गेला. सत्तेचं ठाणं हललं की गावाची रया कशी जाते, ते नळदुर्गच्या जुन्या पेठेत फिरलं की दिसतं.

निजामी काळातलं रोजचं जगणं कसं होतं? कचेरीचा कारभार उर्दूत चाले. जिल्ह्याच्या मोठ्या साहेबाला अव्वल तालुकदार म्हणत. सोलापूर जिल्हा इंग्रजांचा आणि आपला निजामाचा. सोलापूरकडं जायचं तर वाटेत करोडगिरीचा नाका, मालावर जकात भरायची. तिकडं कलदार रुपया, इकडं हाली शिक्का. लेक सोलापूरकडं दिली असली तर तिचा मुलूख वेगळा, पैसा वेगळा, कायदा वेगळा. माहेर-सासरमध्ये राज्याची हद्द पडलेली! कागद उर्दूत असल्यानं त्यात काय लिहिलंय हे शेतकऱ्यालाच कळत नसे, मग बाईला कुठून कळणार? कोणीतरी वाचून दाखवणार, कोणीतरी अंगठा घेणार.

मराठीतून शिकवावं आणि स्वातंत्र्याची भावना जागवावी म्हणून याच जिल्ह्यात हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा सुरू झाली. स्वामी रामानंद तीर्थ या शाळेत शिक्षक होते. पुढं हैदराबाद मुक्तिलढ्याचं नेतृत्व त्यांनीच केलं.

१५ ऑगस्ट १९४७ ला सोलापुरात तिरंगा फडकला. इथं नाही. निजामाला हैदराबाद स्वतंत्र ठेवायचं होतं. कासिम रझवीच्या रझाकारांनी गावागावांत दहशत बसवली. लूट, जाळपोळ, माणसं मारणं. कित्येक कुटुंबं रातोरात हद्द ओलांडून सोलापूरकडं गेली. पोर काखेत, डोक्यावर बोचकं आणि अंगावर असेल तेवढंच सोनं. या लढ्यात बायाही होत्या. जालना भागातल्या दगडाबाई शेळके हातात शस्त्र घेऊन लढल्या, त्यांचं नाव आज आदरानं घेतलं जातं.

१३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूनं निघालं. पहिली लढाई झाली ती नळदुर्गला. बोरी नदीवरचा पूल निजामी सैन्याच्या हातून शाबूत मिळवणं गरजेचं होतं, नाहीतर रणगाडे पलीकडं जाणार कसे? पूल मिळाला. नळदुर्गजवळ लढताना शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग यांना वीरमरण आलं. पंजाबातला हा जवान आपल्या मातीत पडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आलं. त्याच सकाळी नऊच्या सुमाराला सैन्याच्या गाड्या आपल्या जळकोटला पोचल्या आणि दुपारपर्यंत उमरग्याला. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. आपण हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, सहसा ती भाषणात येत नाही. रझाकारांचा जुलूम संपला, पण त्याचा सूड बऱ्याच ठिकाणी निरपराध मुसलमान कुटुंबांवर निघाला. भारत सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती चौकशीला पाठवली. सगळ्यांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिनं उस्मानाबादचं नाव घेतलं. तो अहवाल पुढं कित्येक वर्षं लोकांपुढं आला नाही. म्हणजे मुक्तीच्या आधी एका घरची बाई रानोमाळ झाली आणि मुक्तीनंतर शेजारच्या घरची. दोघींचा राजकारणाशी संबंध नव्हता. आपल्या गटात दोन्ही घरच्या सुना आज एकाच सतरंजीवर बसतात, एकमेकींच्या कर्जाला जामीन राहतात. म्हणून दोन्ही दुःखं आपल्याला माहीत असावीत.

नंतरचं आपल्या आठवणीतलं. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. नळदुर्गावरच्या निशाणांची ही यादी तुम्हीच बोटांवर मोजून बघा: चालुक्य, यादव, दिल्ली, बहमनी, आदिलशाही, मोगल, निजाम, इंग्रज, परत निजाम, आणि आता आपण. हो, आपणच. कारण या शेवटच्या राज्यात पहिल्यांदा बाईला मत मिळालं.

तेही सहज नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीची यादी करताना देशात कित्येक बायांनी आपलं नावच सांगितलं नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढंच. निवडणूक आयोगानं ते मानलं नाही आणि सुमारे २८ लाख बायांची नावं यादीतून गळाली. त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. पण नवऱ्याचं नाव घ्यायला लाजणाऱ्या आणि स्वतःचं नाव कोणी विचारत नाही म्हणून विसरलेल्या बाया आपल्याकडंही होत्याच.

आता पाणीमहालाच्या मजुरांकडं परत येऊ. १९७२ चा दुष्काळ आठवा. ज्या साठी-सत्तरीच्या पुढं आहेत त्यांनी तो भोगलाय. मिलो ज्वारी आणि सुकडी. पाझर तलावाची आणि रस्त्याची कामं. भर उन्हात खडी फोडणारे हात, आणि त्यात बायांचे हात कमी नव्हते. सुलतानाच्या मजुरांचं नाव राहिलं नाही, पण या बायांचं नाव हजेरीपटावर चढलं. त्या अनुभवातूनच रोजगार हमीचा कायदा झाला. १९७७ साली तो मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, आणि बाईला-गड्याला कामाचे दर सारखे. पुढं साऱ्या देशानं तसा कायदा केला, त्याची सुरुवात आपल्यासारख्या दुष्काळी भागातल्या खडी फोडणाऱ्या बायांपासून झाली. हा इतिहास किल्ल्याइतकाच मोठा आहे, पण त्याचा शिलालेख कुठं नाही.

आणि जमीन? इतक्या राजवटी आल्या, प्रत्येकीनं जमीन मोजली, सारा ठरवला, कागद केले. बाईचं नाव त्यात क्वचितच आलं. १९५६ च्या वारसा कायद्यानं हिंदू बाईला तिच्या वाट्याला आलेल्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली. १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ साली साऱ्या देशानं वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतका हक्क दिला. मुसलमान लेकींनाही त्यांच्या कायद्यात ठरलेला वाटा आहे. कायदा झालाय. पण आपल्या गावच्या सातबाऱ्यावर किती बायांची नावं आहेत? हक्कसोडपत्रावर सही करताना ते कोणी वाचून दाखवतं का, की आजही निजामी काळासारखा नुसता अंगठा पुढं करायचा?

या महिन्याच्या बैठकीत तीन कामं करू या. पहिलं, गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्या बायांना बोलवा. ७२ च्या दुष्काळात त्या कोणत्या रस्त्यावर, कोणत्या तलावावर होत्या ते विचारा आणि त्यांची नावं गटाच्या वहीत लिहून ठेवा. पूर्ण नाव लिहा, माहेरचं आणि सासरचंही. दुसरं, प्रत्येकीनं आपल्या घरचा सातबारा आणि घराचा नमुना आठचा उतारा आणून बैठकीत मोठ्यानं वाचायचा. कोणाचं नाव आहे आणि कोणाचं नाही, ते सगळ्यांसमोर कळू द्या. तिसरं, पाऊस झाला की लेकी-सुनांना घेऊन एकदा नळदुर्गचा किल्ला बघून या. नर-मादी बघा, पाणीमहाल बघा, उपळी बुरुजावर चढा. पुरात भिंतीच्या कडेला जाऊ नका, शेवाळावर पाय घसरतो. आणि पोरींना सांगा, इथं चांदबिबीच्या राज्यानं वेढा परतवून लावला होता, बोरीच्या पुलावरून सैन्य आलं होतं, आणि पलीकडच्या रस्त्याची खडी तुझ्या आजीनं फोडली होती.

वहीत नावं लिहून झाली की आम्हाला जरूर कळवा. पुढच्या एखाद्या भागात ती नावं आपण रेडिओवरून वाचू.